रेल्वेची बस : पाच शब्दांत मावलेली गोष्ट

रेल्वे म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर काय येतं? रूळ, सिग्नल, इंजिन, फलाटावरचा चहा आणि वेटिंग लिस्ट. बस म्हटलं की एस.टी., लाल डबा, कंडक्टरची टिकटिक आणि खिडकीजवळच्या जागेसाठी आत फेकलेला रुमाल. ही दोन जगं आपण पार वेगळी ठेवलेली आहेत. हॉस्टेलवरून सुट्टीला घरी जाणाऱ्या कुणालाही विचारा. रेल्वेचं तिकीट वेगळं, एस.टी.चं वेगळं, स्टेशन एका टोकाला, स्टँड दुसऱ्या टोकाला, आणि गाडी लेट झाली तर शेवटची एस.टी. कुणासाठी थांबत नाही.

पण समजा रेल्वेनेच बस चालवली तर? म्हणजे बस रेल्वेची, ड्रायव्हर रेल्वेचा, तिकीट रेल्वेचं, आणि जिथे बस थांबते त्या जागेला स्टेशनच म्हणायचं. कल्पना नाही ही. जपानच्या सरकारी रेल्वेने १९३० पासून १९८७ पर्यंत, म्हणजे तब्बल छप्पन्न वर्षं हे करून दाखवलं, आणि तिच्या वारसदार कंपन्या आजही करत आहेत. जपानची रेल्वे म्हटलं की आपण सगळे शिंकान्सेनबद्दल बोलतो. या लेखात तिच्या गरीब भावंडाबद्दल बोलू.

रूळ नको, रस्ता घ्या

गोष्ट सुरू होते एका यादीपासून. १९२२ मध्ये जपानी संसदेने रेल्वे बांधणीचा सुधारित कायदा केला. त्याला जोडलेल्या यादीत पुढे बांधायचे १४९ मार्ग होते, एकूण लांबी दहा हजार किलोमीटरच्या वर. मोठ्या शहरांना जोडणारे मुख्य मार्ग तोवर झालेलेच होते. यादीत उरले होते ते बहुतेक डोंगरदऱ्यांतले, खेड्यापाड्यांतले मार्ग. प्रवासी कमी, बोगदे जास्त.

मग अशी यादी झाली कशी? उत्तर आपल्याला ओळखीचं वाटेल. प्रत्येक खासदाराला आपल्या मतदारसंघात रेल्वे हवी होती. जपानीत एक जुनी म्हण आहे : पाणी आपल्याच शेतात वळवणं. आपण म्हणतो ना, स्वतःच्या पोळीवर तूप ओढणं, तसंच. लोकांनी त्या म्हणीतला पाण्याचा शब्द काढून लोखंडाचा, म्हणजे रेल्वेचा शब्द घातला आणि नवी म्हण तयार केली : रेल्वे आपल्याच शेतात वळवणं!

पण यादी करायला पैसे लागत नाहीत, रूळ टाकायला लागतात. १९२९ मध्ये जागतिक मंदी आली, आणि सरकारच्या तिजोरीला ओढ लागली. याच सुमारास रस्त्यावर दुसरं एक यंत्र फिरू लागलं होतं. १९२३ च्या मोठ्या भूकंपात तोक्योची ट्राम मोडून पडली, तेव्हा महापालिकेने फोर्ड मॉडेल टीच्या शेकडो चासी मागवून त्यावर बस बांधल्या आणि शहर हलतं ठेवलं. जपानी माणसाला बसची खरी ओळख झाली ती तिथे. पुढे १९२५ मध्ये फोर्डने आणि १९२७ मध्ये जनरल मोटर्सने जपानमध्येच गाड्या जुळवायला सुरुवात केली. गावोगाव छोटे छोटे बसवाले निघाले आणि रेल्वेचे प्रवासी पळवू लागले.

तेव्हा रेल्वे मंत्रालयासमोर दोन प्रश्न एकदम उभे राहिले. यादीतल्या गावांना दिलेला शब्द पाळायचा कसा? आणि या मोटारीचं करायचं काय? मंत्रालयाने एकाच उत्तरात दोन्ही बसवले : मोटार आपणच चालवायची. जिथे रूळ परवडत नाहीत तिथे रस्त्याने जायचं, पण जायचं रेल्वे म्हणूनच.

२० डिसेंबर १९३०

या तारखेला मध्य जपानमध्ये ओकाझाकी ते ताजिमी हा सरकारी रेल्वेचा पहिला बसमार्ग सुरू झाला. लांबी सुमारे ५७ किलोमीटर. वाटेतल्या सेतोहून कोझोजीला जाणारा छोटा फाटाही होता. दोन्ही गावांच्या नावांतलं एकेक अक्षर घेऊन या मार्गाला 'ओकाता' असं नाव पडलं. रेल्वेमार्गांची नावं जपानमध्ये अशीच ठेवतात. म्हणजे नाव ठेवण्यापासूनच या बसला रेल्वेच्या घरात घेतलं होतं.

नकाशा डोळ्यांपुढे आणा. ओकाझाकी हे तोक्यो ते ओसाका या तोकाइदो मुख्य मार्गावरचं स्टेशन. ताजिमी हे डोंगरातून जाणाऱ्या चुओ मार्गावरचं. दोन्ही मार्ग नागोयाला मिळतात. पण नागोयाला वळसा न घालता एकावरून दुसऱ्यावर जायचं तर मध्ये रेल्वे नव्हती. त्या पट्ट्यात सेतो हे गाव चिनीमातीच्या भांड्यांसाठी इतकं प्रसिद्ध की जपानीत अशा भांड्यांना 'सेतोमोनो', म्हणजे सेतोची वस्तू, असाच शब्द आहे. इथे रेल्वे नेण्याची योजना १९२२ च्या यादीत होतीच. रेल्वे यायच्या आधी बस आली.

आपल्यासाठी, म्हणजे इंजिनियरिंगवाल्यांसाठी, यातला सगळ्यात रोचक भाग पुढे आहे. सरकारने बस परदेशी घेतल्या नाहीत. फोर्ड स्वस्त होती, टिकाऊ होती, पण मंत्रालयाने देशात बनलेल्या गाड्या वापरायचं ठरवलं. तोक्यो गॅस इलेक्ट्रिक या कंपनीने बनवलेली पहिल्या क्रमांकाची बस आजही नागोयाच्या रेल्वे संग्रहालयात जपून ठेवलेली आहे. रस्ते कच्चे, घाट तीव्र, आणि देशी मोटारउद्योग बाल्यावस्थेत. अशा वेळी सरकारी रेल्वे हे हक्काचं गिऱ्हाईक मिळालं आणि कारखान्यांना गाडी रोज रस्त्यावर धावताना कुठे मोडते ते कळू लागलं. त्या कंपनीचा मोटार विभाग पुढे 'हिनो' झाला. १९३० च्या दशकाच्या सुरुवातीला सरकारने ट्रक-बसचा एक प्रमाणित देशी नमुना तयार करवला, त्या कामात रेल्वेचे इंजिनियरही होते. त्यातलेच एक हिदेओ शिमा, पुढे शिंकान्सेनचे मुख्य शिल्पकार म्हणून जगाला माहीत झालेले. त्या नमुन्याला इसे इथल्या नदीवरून नाव दिलं 'इसुझू'. हो, तीच इसुझू!

पाच शब्द

रेल्वेने बस चालवायची हे ठरलं, पण कुठे चालवायची? खासगी बसवाले ओरडतच होते की सरकारने आमच्या पोटावर पाय देऊ नये. तेव्हा रेल्वेने आपल्या बससाठी एक चौकट आखून घेतली. सुरुवातीला चार शब्द होते, हायवेच्या काळात पाचवा जोडला गेला. मराठीत ते साधारण असे :

१. आधी जाणारी : रेल्वे व्हायची आहे तिथे आधी बस.
२. जागा घेणारी : रेल्वे बंद झाली किंवा परवडत नाही तिथे तिच्याऐवजी बस.
३. वाट कमी करणारी : दोन रेल्वेमार्गांना मधून जोडणारी बस.
४. पोसणारी : आडगावांतून माणसं आणून रेल्वेला देणारी बस.
५. जोड देणारी : रेल्वेमार्गाला समांतर धावून त्याचा भार वाटून घेणारी बस.

परीक्षेत पाच मार्कांना विचारण्यासारखा प्रश्न आहे खरा. पण या पाच शब्दांत त्या बसचं सगळं आयुष्य आलं. एकेक उदाहरण घेऊन बघू. तिसऱ्या शब्दाचं उदाहरण ओकाता मार्गाच्या रूपाने वर आलंच आहे.

आधी जाणारी : शब्द पाळला, पण कधी?

ओकाता मार्ग 'आधी जाणारी' या प्रकारातलाही होता. बस आधी, रूळ मागून. मग रूळ आले का? आले. १९७० मध्ये मालगाडी सुरू झाली, १९७६ मध्ये ओकाझाकी ते शिन-तोयोता प्रवासी गाडी. उरलेला तुकडा जोडून ओकाझाकी ते कोझोजी पूर्ण रेल्वेमार्ग चालू झाला तो १९८८ मध्ये, तोही स्थानिक सरकारं आणि उद्योगांनी मिळून काढलेल्या वेगळ्या कंपनीच्या हाती. बस निघाल्यापासून सत्तावन्न वर्षांनी! आजोबांनी ऐकलेलं आश्वासन नातवाने पाहिलं.

सगळ्यांचं नशीब इतकंही चांगलं नव्हतं. नारा प्रांतातल्या गोजो गावापासून डोंगर ओलांडून समुद्रकाठच्या शिंगूपर्यंत रेल्वे न्यायची योजना होती. महायुद्धाच्या आधी काम सुरू झालं, बोगदे खणले, कमानी पूल उभे राहिले, युद्धात काम थांबलं. युद्धानंतर पुन्हा सुरू झालं, पण पैसा आणि प्रवासी यांचं गणित जमेना. शेवटी १९६५ मध्ये तयार झालेल्या भरावावर रूळ न टाकता डांबर टाकलं आणि त्यावरून रेल्वेची बस सोडली. रेल्वेसाठी बांधलेल्या बोगद्यातून एकटी बस जाते आहे, असं ते दृश्य. पुढची रेल्वे कधीच झाली नाही. बस मात्र बरीच वर्षं धावली. शेवटी ती दुसऱ्या कंपनीकडे गेली आणि २०१४ च्या सप्टेंबरअखेर त्या खास रस्त्यावरची वाहतूक कायमची बंद झाली. या अर्धवट रेल्वेच्या सावलीत जगणाऱ्या कुटुंबावर नाओमी कावासे यांनी 'मोए नो सुझाकू' हा चित्रपट केला, त्याला १९९७ मध्ये कानला पहिल्या चित्रपटासाठीचं पारितोषिक मिळालं. एखाद्या गावाला 'येणार येणार' म्हणून रेल्वे न येणं म्हणजे काय, हे सरकारी अहवालात कळत नाही, तिथे कळतं.

जागा घेणारी : रूळ युद्धावर गेले

फुकुशिमा प्रांतात शिराकावा ते तानाकुरा अशी एक छोटी रेल्वे होती, १९१६ मध्ये सुरू झालेली. युद्धात लोखंडाचा तुटवडा पडला, तेव्हा 'बिनगरजेचा मार्ग' ठरवून डिसेंबर १९४४ मध्ये ती बंद केली आणि रूळ उचलून नेले. लोकांसाठी रस्त्याने बस सोडली. युद्ध संपलं, रूळ परत आले नाहीत. खराब रस्त्यावर बस आपटत राहिली.

मग रेल्वेने एक वेगळाच विचार केला. रूळ गेले तरी जुना भराव आहे, चढ हलका आहे, वळणं मोठ्या त्रिज्येची आहेत, आणि जमीन आपलीच आहे. एप्रिल १९५७ मध्ये त्या भरावावर फक्त बससाठीचा रस्ता तयार झाला. दुसरं वाहन नाही, ट्रॅफिक नाही, थांबे जवळजवळ आणि फेऱ्या आगगाडीपेक्षा जास्त. आज जगभर 'बी.आर.टी.' या नावाने ज्याची चर्चा होते, त्याची ही एक फार जुनी आवृत्ती म्हणायला हरकत नाही. पुढे तिथला सार्वजनिक रस्ता सुधारला तसा खास रस्त्याचा बराच भाग सोडून दिला गेला, पण बसमार्ग अजून चालू आहे.

पोसणारी : बसचंही स्टेशन

चौथ्या शब्दासाठी जपानीत जो शब्द वापरतात तो शेतातलं रोप वाढवायला किंवा प्रयोगशाळेत जिवाणू वाढवायलाही वापरतात. म्हणजे बसने रेल्वेला खतपाणी घालायचं. कुसात्सु हे गरम पाण्याच्या झऱ्यांचं डोंगरातलं प्रसिद्ध गाव. तिथे सरकारी रेल्वे कधी पोचली नाही, तिची बस मात्र १९३० च्या दशकातच पोचली. आजही जवळच्या रेल्वे स्टेशनावरून त्याच घराण्यातली बस तिथे जाते.

यातली खरी युक्ती बसमध्ये नव्हती, तिकिटात होती. अशा महत्त्वाच्या थांब्यांना रेल्वेने 'मोटार स्टेशन' असा दर्जा दिला होता. तिथे खिडकी होती, कर्मचारी होता, आणि तिथून पुढच्या रेल्वे प्रवासाचं तिकीट काढता येत होतं. सामानही तिथेच देता येई. रेल्वेच्या जाडजूड वेळापत्रकात या बसेसच्या वेळा छापल्या जात. बसच्या अंगावर भिंगरी पक्ष्याचं चित्र असे. भिंगरी म्हणजे जपानीत 'त्सुबामे', आणि याच नावाची रेल्वेची सर्वात नावाजलेली एक्स्प्रेस ऑक्टोबर १९३० मध्ये, म्हणजे पहिल्या बसच्या जेमतेम अडीच महिने आधी सुरू झाली होती. रूळ संपले तरी रेल्वे संपली नाही, हे प्रवाशाला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. त्याच्या हातातलं तिकीटच ते सांगत होतं.

जोड देणारी : ३२० घोडे आणि एक गणित

१ जून १९४९ रोजी सरकारी रेल्वे मंत्रालयापासून वेगळी होऊन 'जॅपनीज नॅशनल रेल्वेज', थोडक्यात जे.एन.आर., हे महामंडळ झालं. (आपल्या एस.टी.चा वाढदिवसही १ जूनच, फक्त एक वर्ष आधीचा, १९४८. असो.) युद्धाची राख झटकून देश उभा राहत होता. १ ऑक्टोबर १९६४ ला शिंकान्सेन धावली. गंमत म्हणजे त्याच महिन्यात त्याच जे.एन.आर.ने नागोया आणि ओसाकाकडच्या नव्या मेइशिन द्रुतगती मार्गावर हायवे बसही सुरू केली. पुढे तोक्यो ते नागोया हा ३४६ किलोमीटरचा तोमेइ मार्ग मे १९६९ मध्ये पूर्ण झाला आणि जूनमध्ये तोमेइ हायवे बस आणि रात्रीची 'ड्रीम' बस निघाली. स्वतःच्याच सोन्याच्या अंड्याच्या कोंबडीशेजारी स्वतःचीच बस? पण विचार करा. शिंकान्सेन मध्यरात्री १२ ते पहाटे ६ धावत नाही, रुळांची देखभाल तेव्हाच होते. शिवाय ती महाग. विद्यार्थी, छोटे व्यापारी, आणि वाटेत लहान गावाजवळ उतरणारे लोक यांच्यासाठी बस. रेल्वेची उणी बाजू रेल्वेनेच भरून काढली.

आता तांत्रिक भाग. मेकॅनिकलवाल्यांनी इथे सरसावून बसावं. या मार्गावर बस फक्त टोकांनाच थांबत नसे. द्रुतगती मार्गाच्या कडेला खास थांबे होते. थांब्यावरून निघून छोट्या प्रवेगपट्टीवरून थेट ताशी १०० किलोमीटरच्या रहदारीत मिसळायचं. सोपं गणित करू. समजा भरलेली बस १५ टनांची. शून्यापासून ताशी १०० किलोमीटर वेग घ्यायला गतिज ऊर्जा लागते सुमारे ५८ लाख ज्यूल. इंजिन २०० अश्वशक्तीचं, म्हणजे साधारण १४७ किलोवॅट धरलं, तर हवा आणि घर्षण पूर्ण विसरूनसुद्धा ३९ सेकंद लागतात, आणि तेवढ्यात बस सुमारे ७३० मीटर पुढे जाते. तेच ३२० अश्वशक्ती घेतली तर २५ सेकंद आणि साधारण ४५५ मीटर. मागून ट्रक येत असताना हा पावणेतीनशे मीटरचा फरक म्हणजे जीवनमरणाचा फरक.

म्हणून जे.एन.आर.ने गाड्या बनवणाऱ्यांसमोर अट ठेवली की इंजिन किमान ३२० अश्वशक्तीचं हवं, आणि तेही टर्बोचार्जरशिवाय. त्या काळच्या टर्बोवर रोज शेकडो किलोमीटर भरवसा टाकायची त्यांची तयारी नव्हती. मग मित्सुबिशीने बारा सिलिंडरचं व्ही इंजिन घातलं, हिनोने बारा सिलिंडर आडवे समोरासमोर बसवून सीटखाली मावणारं इंजिन केलं. पहिली बस बनवणाऱ्या कंपनीचीच ही पुढची पिढी, हे लक्षात घ्या. 'जे.एन.आर. नमुना' हा जपानी बसशौकिनांमध्ये आजही आदराने उच्चारला जाणारा शब्द आहे.

आपल्याकडेही हे झालं होतं

हे सगळं वाचताना 'जपानची गोष्टच वेगळी' असं म्हणायचा मोह होतो. म्हणून एक आठवण. ओकाता मार्गानंतर दीडच वर्षाने, जून १९३२ मध्ये, हैदराबाद संस्थानात 'निझाम स्टेट रेल्वे'ने आपला रोड ट्रान्सपोर्ट विभाग सुरू केला : २७ बस आणि १६६ कर्मचारी. तेव्हा आपला मराठवाडा त्याच संस्थानात होता, आणि मनमाडहून औरंगाबाद, जालना, परभणी, नांदेड करत सिकंदराबादला जाणारा मीटर गेज मार्गही त्याच रेल्वेचा. म्हणजे एकाच मालकाची रेल्वे आणि बस ही कल्पना या मातीतही रुजली होती. संस्थान भारतात विलीन झाल्यावर, १९५१ मध्ये, बस राज्य सरकारकडे आली आणि रेल्वेपासून वेगळी झाली. १९५६ मध्ये मराठवाडा मुंबई राज्यात आला आणि तिथली बससेवा पुढे आजच्या एस.टी.त मिसळली. उरलेल्या भागातून आंध्र प्रदेशचं एस.टी. महामंडळ उभं राहिलं. एस.टी.ने खेडोपाडी जे काम केलं त्याला तोड नाही. पण तिकीट आणि वेळापत्रक यांची जी गाठ एकदा सुटली ती सुटलीच.

उतरती कळा

जपानमध्येही पुढे सगळं गोड झालं नाही. घरोघरी मोटारी आल्या. खेड्यांतली तरुण पोरं शहराकडे गेली. जे.एन.आर. कर्जात बुडत गेली. १९८० मध्ये तिच्या पुनर्रचनेचा कायदा झाला. ज्या मार्गांवर दर किलोमीटरमागे दिवसाला चार हजारांपेक्षा कमी प्रवासी, ते मार्ग काही अपवाद सोडून जे.एन.आर.ने सोडून द्यायचे. असे ८३ मार्ग निघाले. त्यातले ३८ दुसऱ्या रेल्वे कंपन्यांनी घेतले आणि ४५ मार्गांवर रूळ जाऊन बस आली. पहिला क्रमांक लागला होक्काइदोतल्या शिरानुका मार्गाचा, ऑक्टोबर १९८३ मध्ये.

इथे 'जागा घेणारी' या शब्दाचा अर्थ लोकांच्या मनात बदलला. १९३० मध्ये बस आली म्हणजे 'आता रेल्वे येणार' असं गाव समजत होतं. १९८३ मध्ये बस आली म्हणजे 'आता रेल्वे गेली, उद्या बसही जाईल' असं गाव समजू लागलं. आणि ती भीती काही खोटी नव्हती.

१ एप्रिल १९८७ रोजी सुमारे ३७ लाख कोटी येनचं कर्ज मागे ठेवून जे.एन.आर. विसर्जित झाली, तिच्या जे.आर. कंपन्या झाल्या. वर्षभराने होन्शू बेटावरच्या बससेवा वेगळ्या उपकंपन्यांना दिल्या. होक्काइदो, क्युशू आणि शिकोकूचा बसविभाग २००० ते २००४ या काळात वेगळा झाला. प्रत्येक बस कंपनीला आता स्वतःच्या पायावर उभं राहायचं होतं. त्यांनी हायवे बस वाढवली, खेड्यातल्या फेऱ्या कमी केल्या. जिथे हे सगळं सुरू झालं त्या सेतो भागातल्या साध्या बसेस जे.आर. तोकाइ बसने २००९ मध्ये बंद केल्या. 'ड्रीम' बस मात्र आजही रात्री तोक्योहून निघते आणि सकाळी ओसाकाला विद्यार्थ्यांना उतरवते. पाच शब्दांतला सगळ्यात शेवटी आलेला शब्द सगळ्यात जास्त टिकला.

समुद्र आला आणि बस परतली

११ मार्च २०११. ईशान्य जपानमध्ये भूकंप आणि त्सुनामी. किनाऱ्यालगतच्या केसेन्नुमा आणि ओफुनातो या रेल्वेमार्गांवर पूल वाहून गेले, स्टेशनं नाहीशी झाली. केसेन्नुमा मार्गासाठी तिथल्या लोकांनी पिढ्यान्‌पिढ्या वाट पाहिली होती. तो पूर्ण झाला होता १९७७ मध्ये. म्हणजे रेल्वे मिळाली ती जेमतेम तेहतीस वर्षं.

रूळ पुन्हा टाकायला वेळ आणि खर्च प्रचंड होता. जे.आर. ईस्टने भरावाचा जो भाग शाबूत होता त्यावर डांबर टाकलं, उरलेल्या ठिकाणी साधा रस्ता वापरला, आणि ऑगस्ट २०१२ मध्ये केसेन्नुमा मार्गावर, मार्च २०१३ मध्ये ओफुनातो मार्गावर बस सुरू केली. एकावर सुमारे ५५ आणि दुसऱ्यावर सुमारे ४४ किलोमीटर. शिराकावाचा १९५७ चा नुस्खाच तो, नव्या कपड्यांत. गावं उंचावर हलली तसे थांबेही हलवता आले, नवे वाढवता आले. रुळांना हे जमलं नसतं. फेऱ्या आगगाडीपेक्षा वाढल्या. डिसेंबर २०२२ पासून केसेन्नुमा मार्गाच्या एका तुकड्यावर, रस्त्यात पुरलेल्या चुंबकीय खुणा वाचत, ड्रायव्हर बसलेला असताना पण स्टीअरिंग स्वतः सांभाळणारी बसही धावू लागली. रस्ता फक्त बसचा असल्यामुळेच हे तिथे आधी शक्य झालं.

पण लोकांनी आनंदाने टाळ्या वाजवल्या असं नाही. बस आगगाडीपेक्षा हळू, लहान, आणि थेट मोठ्या शहराला जाणारी गाडी गेली ती गेलीच. सुरुवातीला 'तात्पुरती' म्हणून आलेली सोय १ एप्रिल २०२० रोजी कायमची झाली. त्या भागातला रेल्वेमार्ग कागदोपत्रीही संपला. क्युशूत २०१७ च्या अतिवृष्टीने तुटलेल्या हिताहिकोसान मार्गाचंही असंच झालं. तिथे ऑगस्ट २०२३ मध्ये साधारण ४० किलोमीटरची बस सुरू झाली.

तरी एक गोष्ट नीट बघण्यासारखी आहे. या बसचं नाव 'केसेन्नुमा मार्ग' असंच आहे. जुन्या स्टेशनांची नावं बसथांब्यांना आहेत. ती रेल्वेच्या नकाशावर दिसते आणि रेल्वेच्या वेळापत्रकात छापली जाते.

मग धडा काय?

शेवटी 'बस चांगली की रेल्वे' असा वाद घालायचा नाहीये. तो वाद हॉस्टेलच्या कट्ट्यावर रात्रभर चालू शकतो आणि सकाळी कुणीच जिंकलेलं नसतं. नव्वद वर्षांच्या या इतिहासातून कळतं ते एवढंच, की तीच बस कधी सुरुवात असते आणि कधी शेवट असते. चाकं तीच, इंजिन तेच. फरक पडतो तो रेल्वे तिला आपली मानते की नाही यावर. ज्या काळात एकाच तिकिटावर बस आणि गाडी मिळत होती, वेळा जुळवलेल्या होत्या, थांब्याला स्टेशन म्हणत होते, त्या काळात आडगावचा माणूस रेल्वेचाच प्रवासी होता. जेव्हा बसला वेगळी कंपनी करून 'तुझं तू बघ' म्हटलं, तेव्हा आधी फेऱ्या गेल्या आणि मग मार्ग गेला. २०१२ नंतर बसला परत रेल्वेच्या नकाशावर घ्यावं लागलं, कारण लोकांना बसपेक्षा तो नकाशावरचा जागेचा ठिपका हवा होता.

आपल्यातले काही जण उद्या रेल्वेत जातील, काही एस.टी.त, काही एखाद्या महानगरपालिकेच्या मेट्रोत किंवा बी.आर.टी.त. तिथे डांबर किती इंच आणि इंजिन किती अश्वशक्तीचं हे ठरवायला आपल्याला शिकवलेलं आहेच. पण जरा तिकीटखिडकीकडेही बघा. स्टेशनबाहेर रात्री साडेदहाला उतरलेल्या माणसाला गावाकडची बस मिळते का, त्याच्या हातातलं तिकीट तिथे चालतं का, आणि गाडी लेट झाल्याचं बसवाल्याला कुणी कळवतं का? या तीन प्रश्नांना इंजिनियरिंगच्या कुठल्याही पुस्तकात वेगळा धडा नाही. जपानी रेल्वेने मात्र त्यांचं उत्तर १९३० मध्येच शोधायला घेतलं होतं, तेही मंदीत, कच्च्या रस्त्यावर आणि देशी बनावटीच्या बसने.